आधी रेघ, मग करवत

वीत, बोट, हात यांनी मोजून आपल्या वाडवडिलांनी घरे बांधली, ती उभीही राहिली. पण आता दाराला कारखान्यातली कडी लागते. तिला बोटभर चूक चालत नाही. लाकूडही महाग. जास्त कापले गेले तर पुन्हा जोडायचे कसे?

महाडच्या बाजारात टेप घ्यायला गेलात, तर टोकाचा आकडा हलवून बघा. तो किंचित सरकतो. मोडका म्हणून परत करू नका. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. फळीला बाहेरून अडकवला, की आपल्या जाडीइतका पुढे येतो. आतून टेकवला, की तेवढाच मागे जातो. ठोकून घट्ट केलात तर माप बिघडेल.

आम्ही शाळेत असताना कपाटाची एक लहान फळी आखून दिली होती. कप्पा सुताराने टेपने मोजला. फळी आम्ही आमच्या जुन्या फूटपट्टीने आखली. पट्टीचे टोक झिजलेले! फळी दोन सूत आखूड भरली. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून थोडा जास्त.) सुतार काही बोलला नाही, नुसता हसला. अशी पट्टी असेल तर १ च्या आकड्यापासून मोजावे आणि शेवटी १ वजा करावा. आकडे वाचता येतात, मग भ्यायचे कशाला?

गुण्याही तपासून घ्यावा. सरळ कडेला टेकवून रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा.

करवतीच्या कामाला टोकदार पेन्सिल पुरे. सांध्याला मात्र धारदार सुरीची रेघ बरी. ती बारीक असते, आणि पटाशी तिच्यात नेमकी बसते. ओल्या लाकडावर आखूच नये. जुलै २०२१ मध्ये महाडात पुराचे पाणी घरात शिरले, तेव्हा दारे फुगली. अशी फुगलेली फळी मापाने कापली, तर वाळल्यावर ती अंगाने कमी भरते.

लोखंडावर खडूची रेघ जाड पडते, आणि तेलाच्या हाताने पुसूनही जाते. तिथे टोकदार पोलादी सळईने ओरखडा काढतात. तो उठून दिसावा म्हणून एक युक्ती आहे. लोखंड घासून स्वच्छ करावे आणि मोरचुदाचे पाणी लावावे. तांबूस थर चढतो, त्यावर ओरखडा चकाकतो. मोरचूद विषारी आहे. मुलांपासून लांब ठेवावे, नंतर हात धुवावेत. भोक पाडायचे तिथे आधी पंच ठोकून खळगा करावा, नाहीतर ड्रिल घसरते.

जस्ती पत्र्यावर मात्र ओरखडा काढू नये. जस्त खरवडले, की पोलादपूरच्या पावसात गंजाला तिथूनच वाट मिळते. तिथे शाईचे जाड पेन वापरावे.