हाडांच्या पोकळीतला रक्ताचा झरा
(द्वितीय वर्ष, कला)

'हाडाचा शेतकरी', 'हाडाचा शिक्षक' असे शब्द आपण मराठीत सहज वापरतो. जे वरवरचे नाही, अगदी आतले आहे, ते हाडात असते अशी आपल्या भाषेची समजूत आहे. पण हाडाच्या आत खरोखर काय असते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर मटणाच्या रश्श्यातल्या नळीपाशी थांबते. नळी ताटात ठोकली की जो मऊ, तुपकट गर बाहेर येतो, तीच मज्जा. आयुर्वेदाने शरीराचे सात धातू मानले आणि त्यांत अस्थीनंतर लगेच मज्जेला स्थान दिले. मात्र आपल्या अंगातले रक्त या मज्जेत तयार होते, हे जगाला कळायला १८६८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रशियातील क्योनिग्जबर्ग येथे अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीतील पाव्हिया येथे ज्युलिओ बिझोझेरो या दोन शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा तपासली आणि दोघेही स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला पोचले.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे अडीच किलो मज्जा असते. हातापायांच्या लांब हाडांतली बरीचशी मज्जा वयाबरोबर पिवळी, चरबीयुक्त होते. रक्त तयार करणारी तांबडी मज्जा मुख्यतः कमरेचे हाड, छातीचे हाड, बरगड्या आणि मणके यांत राहते. प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेतून वाहणारे रक्त थांबवणाऱ्या बिंबिका या तिन्ही तिथेच तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका आठ-दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशी जेमतेम एखादा दिवस. साहजिकच हा कारखाना क्षणभरही बंद ठेवता येत नाही. एका सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तो बाहेर पाठवतो. हे वाक्य वाचायला लागलेल्या वेळात वाचकाच्या हाडांतून कोटभर नव्या पेशी रक्तात उतरल्या असतील!

येथे आपल्या भाषेविषयी थोडे बोलणे अगत्याचे आहे. मराठीत 'मज्जा' या शब्दाचे दोन संसार आहेत. एक अस्थिमज्जा, तर दुसरा मज्जातंतू आणि मज्जारज्जू यांतला. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी चेतातंतूंची दोरी. तिचा रक्तनिर्मितीशी काडीचा संबंध नाही. पण शब्द एक असल्यामुळे फार घोटाळा होतो. माझ्या चुलतीला पंडुरोग झाला आणि डॉक्टरांनी मज्जेची तपासणी करायला सांगितली, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे हटून बसली. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळं होतं," असे आजी म्हणाली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून तो कागद माझ्या हाती आला. तपासणी कमरेच्या हाडातून करायची होती, पाठीच्या दोरीला सुई लागणारच नव्हती. एवढी साधी गोष्ट समजावून सांगायला दोन दिवस लागले. प्रस्तुत लेखामागची प्रेरणा त्या दोन दिवसांतच आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते तिची माहिती आपल्या भाषेत मिळाली पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटते.

मज्जेच्या संशोधनाचा इतिहास मात्र एका भीषण प्रसंगापासून वेगाने पुढे सरकतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला. स्फोटाने आणि आगीने असंख्य माणसे तत्काळ मेली, हे आपण इतिहासात शिकतो. पण अंगावर फारशी जखम नसलेली माणसेही पुढच्या काही आठवड्यांत मरू लागली. त्यांचे केस गळाले, कातडीवर जांभळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त वाहू लागले आणि साध्या संसर्गाने त्यांचा बळी घेतला. कारण किरणोत्सर्गाने त्यांची मज्जा जळून गेली होती. ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांच्यावर किरणांचा घाव सर्वांत आधी बसतो. शेतातले सगळे बियाणे करपून जावे, पण कणगीत थोडे धान्य उरलेले असावे, तशी त्या माणसांची स्थिती होती. रक्तात फिरणाऱ्या जुन्या पेशी संपेपर्यंत ती चालली-बोलली. नव्या पेशी येईनात, तेव्हा ती कोसळली.

आता पुढच्या अणुयुद्धात असे झाले तर काय करायचे, या भीतीपोटी अमेरिकेत आणि युरोपात प्रयोग सुरू झाले. १९४९ साली शिकागो येथे लिऑन जेकबसन यांनी उंदरांवर मारक मात्रेत किरण सोडले, पण त्यांची प्लीहा शिशाच्या आवरणाखाली झाकून ठेवली. उंदराच्या प्लीहेतही रक्त तयार होते. झाकलेल्या प्लीहेचे उंदीर वाचले, उघडे ठेवलेले मेले. पुढे १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झ आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की प्लीहा न झाकताही, किरणांनंतर दुसऱ्या निरोगी प्राण्याची मज्जा शिरेतून टोचली तरी प्राणी जगतो. विशेष म्हणजे मज्जा हाडात नेऊन भरावी लागत नाही. रक्तात सोडली की ती आपले घर आपण शोधते!

ही विद्या माणसावर वापरण्याचा प्रसंग अपघातानेच आला. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी युगोस्लाव्हियात, बेलग्रेडजवळच्या विंचा येथील संशोधन केंद्रात एक अणुभट्टी काही मिनिटे ताब्याबाहेर गेली. सहा जणांना किरणोत्सर्गाची मोठी मात्रा बसली. बहुतेक जण तरुण, आपल्यासारखे शिकण्याच्या वयातले. त्यांना विमानाने पॅरिसला नेण्यात आले. तिथे डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांतील पाच जणांना दुसऱ्यांची मज्जा देण्याचे ठरवले. प्रश्न असा होता की देणार कोण? असे पूर्वी कधी झाले नव्हते. देणाऱ्याचे काय होईल हेही कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. तरीही फ्रेंच माणसे पुढे आली. त्यांत लहान मुलांची एक आई होती, एक डॉक्टर होते. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे नाव कालपर्यंत ऐकले नव्हते, अशांसाठी त्यांनी आपली हाडे पुढे केली. एक रुग्ण दगावला, बाकीचे बरे होऊन मायदेशी परतले. दिलेली मज्जा त्यांच्या शरीरात कायम टिकली नाही. रुग्णांची स्वतःची मज्जा कालांतराने पुन्हा जागी झाली. त्यामुळे त्यांना नेमके कशाने वाचवले यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. परंतु परक्या माणसाने मज्जा द्यावी, ही वाट त्या दिवसांत पडली हे निर्विवाद आहे.

पुढची दहा वर्षे निराशेची गेली. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्येच रक्ताच्या कर्करोगासाठी हा उपचार करून पाहिला होता. पण रुग्ण जगत नव्हते. कधी शरीर परकी मज्जा झिडकारी, तर कधी परकी मज्जाच यजमानाच्या शरीरावर उलटून त्याची कातडी, आतडी आणि यकृत पोखरू लागे. पाहुण्याने घरमालकालाच बाहेर काढावे, तसा हा प्रकार! अनेक संशोधकांनी हा नाद सोडला. मार्ग सापडला तो १९५८ साली फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी लावलेल्या शोधातून. प्रत्येकाच्या पांढऱ्या पेशींवर विशिष्ट खुणा असतात. रक्तगट ठरावीक चारच, पण या खुणांचे प्रकार हजारो. दाता आणि रुग्ण यांच्या खुणा जुळल्या तर मज्जा रुजते. या शोधासाठी दोसे यांना १९८० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६८ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गुड यांनी जन्मतः रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि ते बाळ जगले. थॉमस यांनीही चिकाटी सोडली नाही. १९९० चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

दरम्यान कॅनडातील टोरंटो येथे टिल आणि मॅकलक यांनी १९६१ मध्ये आणखी एक मूलभूत गोष्ट उजेडात आणली. किरण दिलेल्या उंदरांना मज्जा टोचल्यावर त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठत. अशी प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते, हे पुढच्या दोन वर्षांत सिद्ध झाले. म्हणजे मज्जेत अशा काही पेशी आहेत की ज्या स्वतःसारख्या पेशीही निर्माण करतात आणि रक्तातल्या नानाविध पेशींनाही जन्म देतात. त्यांनाच आज आपण मूलपेशी म्हणतो.

या सर्व कथेतला विलक्षण भाग पुढेच आहे. सुमारे ४ ग्रे एवढा किरणोत्सर्ग सर्वांगावर झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. रक्ताच्या कर्करोगात मात्र डॉक्टर काही रुग्णांना हप्त्याहप्त्याने सुमारे १२ ग्रे किरण मुद्दाम देतात! रोगी मज्जा समूळ जाळायची आणि मोकळ्या झालेल्या जागी निरोगी मज्जा पेरायची, हेच त्यामागचे तत्त्व. 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयावर आपण शाळेत निबंध लिहीत आलो. हिरोशिमात जे घडले तेच इथे मोजूनमापून, माणूस वाचवण्यासाठी केले जाते. तथापि सगळेच साधते असे नव्हे. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर १३ जणांना मज्जा देण्यात आली, पण त्यांतील बहुतेक दगावले. भाजलेली कातडी आणि जळालेली आतडी नव्या मज्जेने भरून येत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला.

आपल्या देशात ही वाट मुंबईत सुरू झाली. १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. बालपणी पोलिओ झाल्यामुळे डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीत बसून काम करतात, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. आज कर्करोगाबरोबरच थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आजारांवरही हा उपचार होतो. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आपल्या आदिवासी भागाला सिकलसेल हे नाव नवे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने त्यावर एका नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून, त्यांतील जनुकात बदल करून, त्या परत त्यालाच देतात. त्यामुळे दात्याची गरजच उरत नाही. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. ज्या घरात हा आजार आहे त्या घराला हा आकडा वाचताही येणार नाही.

आता थोडे सावधगिरीचे. मूलपेशींच्या नावावर आज बाजारात काहीही विकले जाते. २००१ मध्ये पिएरो आन्व्हर्सा यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगातून असा दावा केला की मज्जेतील पेशींपासून हृदयाचा निकामी झालेला स्नायू नव्याने तयार होतो. जगभर मोठी आशा निर्माण झाली. २००४ मध्ये इतरांना तसा प्रत्यय आला नाही आणि २०१८ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ लेख मागे घ्यावेत असे कळवले. मज्जेतून रक्त पुन्हा निर्माण होते हे सिद्ध आहे. त्याच मज्जेतून हृदय, मेंदू, पाठीचा कणा सारे काही नवे होते, हे सिद्ध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज इतर रोगांवर मूलपेशी केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात आणि अशा चाचणीचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. शेत विकून अशा उपचाराला निघालेल्या माणसाला एवढे एक वाक्य जरी कोणी वेळेवर सांगितले तरी पुष्कळ झाले.

शेवटी दात्याविषयी. सख्ख्या भावाबहिणीच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. उरलेल्यांना परक्या दात्यावर विसंबावे लागते. १९७४ साली लंडनमध्ये शर्ली नोलन या आईने आपल्या आजारी मुलासाठी दात्यांची पहिली नोंदवही सुरू केली. त्यांचा मुलगा अँथनी १९७९ मध्ये वारला, पण ती वही राहिली. आज जगभरच्या अशा नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक नावे आहेत. त्यांत भारतीयांचे प्रमाण आपल्या लोकसंख्येच्या मानाने अगदी थोडे. आणि जिथे बेटीव्यवहार शतकानुशतके जातीतच होत आला, तिथे खुणाही जमातीजमातीत वेगवेगळ्या साचलेल्या असतात. ज्या वस्तीतून एकही नाव वहीत गेलेले नाही, त्या वस्तीतल्या आजाऱ्याला दाता मिळणे तितकेच दुरापास्त.

नाव नोंदवायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवणे पुरते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. खुणा जुळल्या तर बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतूनच मूलपेशी गोळा करतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. काही दिवस कंबर दुखते, महिना-दीड महिन्यात मज्जा पूर्ववत भरून येते. पाठीच्या दोरीला कोणी हात लावत नाही. कोणी पांगळे होत नाही.

मज्जा रुजली की रुग्णाचा रक्तगटही हळूहळू दात्याचा होतो. आपण 'रक्ताचे नाते' म्हणतो ते जन्माने मिळते, असेच आजवर समजत आलो. विद्यार्थी मित्रहो, ते जोडताही येते, हे या शास्त्राने दाखवून दिले आहे. आपल्या महाविद्यालयात दरवर्षी रक्तदान शिबिर भरते. पुढच्या वर्षी त्याच मांडवात मज्जादात्यांच्या नोंदणीचे एक टेबल मांडले जावे, एवढीच विनंती.