श्रोतेमंडळ : दूरशिक्षणाचा पाया

प्रयोगक्षेत्रावर शेतीचे ज्ञान कितीही वाढले, तरी आडवळणाच्या गावातील शेतकऱ्याच्या आचरणात ते उतरेपर्यंत निष्फळच होय. हे अंतर तोडण्यास यंत्राचे साहाय्य होते. परंतु एकट्या यंत्राने कार्य सिद्धीस जात नाही. १९५६ साली पुणे येथून झालेल्या एका प्रयोगाने ही गोष्ट दाखवून दिली आहे.

प्रयोगाचे स्वरूप

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट रेडिओ ऐकून चर्चा करू लागले. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद होते. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील १५० गावांत ही पद्धत योजिली. आठवड्यास दोन याप्रमाणे दहा आठवड्यांत अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम प्रसारित झाले. शेती, आरोग्य, साक्षरता इत्यादी त्यांचे विषय होते. कार्यक्रम संपताच मंडळ चर्चा करी. निमंत्रक तिचा वृत्तान्त व शंका केंद्राकडे पाठवी आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत.

काय आढळले?

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत सभासदांच्या ज्ञानात मोठी भर पडली. रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांत ती अल्प होती. याचे कारण उघड आहे. एकदा ऐकलेला शब्द निसटून जातो. चर्चेत तोच शब्द आपल्या जमिनीशी, पाण्याशी व ऐपतीशी ताडून पाहिला जातो. निरक्षर सभासदाचा अनुभवही तेथे सर्वांच्या उपयोगी पडतो.

पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही अभ्यासकेंद्रांच्या द्वारे शिक्षण देते. आज मोबाइल खेडोपाडी पोचला आहे. परंतु प्रत्येकाने एकट्याने पाहिलेली चित्रफीत म्हणजे मंडळावाचूनचा रेडिओच होय.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. पंधरा-वीस जणांचे मंडळ करावे. धारा काढून झाल्यावरची, स्त्रियांनाही सोयीची अशी वेळ ठरवावी.

२. विषय हंगामाच्या आधी निवडावा. पेरणी आटोपल्यावर बीजप्रक्रिया शिकवून उपयोग नाही.

३. जोडणी बेभरवशाची असेल तेथे ध्वनिफीत वा चित्रफीत आधीच उतरवून न्यावी. ती मध्ये थांबवून पुन्हा ऐकविता येते, ही सोय १९५६ साली नव्हती.

४. ऐकण्याइतकाच वेळ चर्चेस द्यावा. कोणी काय करून पाहणार, याची नोंद ठेवावी.

५. अनुत्तरित शंका कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवून पुढील बैठकीत उत्तर सांगावे.

यांतील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. ज्याच्या शंकेस उत्तर मिळत नाही, तो शेतकरी तिसऱ्या बैठकीस येत नाही.