विश्लेषण : दिव्यांगांनी गाडी विकत घ्यावी की भाड्याने? सवलत कशात, तोटा कशात?

कडेगाव तालुक्याला रेल्वे नाही. मोठ्या रुग्णालयासाठी कराड किंवा सांगली गाठावी लागते. ज्यांना एसटीची पायरी चढता येत नाही, त्यांच्यासाठी स्वतःची गाडी ही चैन नसून गरज असते. पण घरात दिव्यांग अनुदान येत असेल, तर गाडी घेण्याचा निर्णय केवळ किमतीवर ठरत नाही. गाडी कोणाच्या नावावर आहे, यावर काही सवलती सुरू होतात आणि काही लाभ बंदही होऊ शकतात.

अनुदान किती, अट काय?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारे अर्थसाहाय्य २०२५ मध्ये दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आले. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांपर्यंत असणे आवश्यक आहे. हे उत्पन्न महिन्याला साधारण ४,१०० रुपये होते. गाडीचा हिशेब याच आकड्यापासून सुरू करावा लागतो.

कर्जाने गाडी घेतली तर?

समजा, छोट्या गाडीसाठी पाच लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ८,१७० रुपये होतो, म्हणजे अनुदानाच्या तिपटीहून अधिक. वर्षाचे हप्तेच सुमारे ९८ हजार होतात आणि सात वर्षांत बँकेकडे एकूण ६ लाख ८६ हजारांच्या आसपास भरावे लागतात. विमा, पेट्रोल, दुरुस्ती वेगळी.

खरी अडचण कागदपत्रांत आहे. तहसीलदारांच्या दाखल्यावर वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल, तर बँक वर्षाला ९८ हजारांचा हप्ता मंजूर करणार नाही. कर्जासाठी जास्त उत्पन्न दाखवले, तर अनुदानाच्या पात्रतेवर प्रश्न येतो. एकाच घराचे दोन वेगळे उत्पन्न दाखवणे, हा उपाय नव्हे. अनुदानावर अवलंबून असलेल्या घराने कर्जाचा अर्ज करण्यापूर्वीच याचा विचार करायला हवा.

घरातील इतर लाभांवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या निकषांनुसार, कुटुंबातील सदस्याच्या नावावर ट्रॅक्टर वगळता चारचाकी वाहन नोंदलेले असल्यास महिला अपात्र ठरते. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले-मुली. दिव्यांग पतीच्या नावावर गाडी घेतली, तर पत्नीचे दरमहा १,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे १८ हजार रुपये धोक्यात येतात. केशरी शिधापत्रिकेच्या निकषांतही, टॅक्सीचालकाचा अपवाद वगळता, कुटुंबात चारचाकी नसावी अशी अट आहे.

नावावर घेण्याचे फायदे कोणते?

फायदे आहेत आणि बहुतेक नावाशीच जोडलेले आहेत. केंद्राने २०२० मध्ये वाहन नोंदणीच्या अर्जात (नमुना २०) मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ ही नोंद समाविष्ट केली. दिव्यांगासाठी रूपांतरित केलेल्या आणि त्याच्या नावावरील वाहनाला मोटार वाहन कराची माफी मिळण्यासाठी आरटीओकडे अर्ज करता येतो. दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला एरवी ११ टक्के एकरकमी कर लागतो. सहा लाखांच्या गाडीवर ही रक्कम ६६ हजार होते.

राष्ट्रीय महामार्गाच्या नियमांनुसार, शारीरिक दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनाला टोलमाफी आहे. मात्र त्यासाठी आरसीवर तशी नोंद आणि सूट असलेला फास्टॅग लागतो. कराडहून पुण्याला जाताना तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर हे टोलनाके लागतात. त्यामुळे वारंवार जाणाऱ्याला हा फरक जाणवतो. रूपांतरित वाहनाच्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट देण्याची तरतूदही मोटार विम्याच्या दरपत्रकात आहे. पॉलिसी घेताना ती मागावी.

जीएसटीचे काय?

अस्थिव्यंग असलेल्यांना अवजड उद्योग मंत्रालयाच्या प्रमाणपत्रावर छोट्या गाडीसाठी २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागत असे. गाडी पाच वर्षे विकणार नाही, असे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर सर्वांनाच १८ टक्के जीएसटी झाला. त्यामुळे या गाड्यांच्या बाबतीत दिव्यांग आणि इतर ग्राहकांमधील फरक संपला. ‘तुमच्या प्रमाणपत्रावर जीएसटी वाचवून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर आधी कोटेशनमधील कराचा दर पाहावा.

भाडेकराराने गाडी घेतली तर?

ब्रिटनमध्ये १९७७ पासून ‘मोटॅबिलिटी’ ही व्यवस्था आहे. तिथे दिव्यांग भत्त्याचा प्रवासासाठीचा भाग थेट भाड्यापोटी जातो. गाडी साधारण तीन वर्षांसाठी मिळते आणि विमा, देखभाल, टायर त्यातच येतात. म्हणजे भत्ताच हप्ता बनतो. महाराष्ट्रात दिव्यांग अनुदानाला जोडलेली अशी व्यवस्था नाही.

आपल्याकडे मोठ्या शहरांत कंपन्या मासिक भाड्याने गाडी देतात. त्यात सुरुवातीला मोठी रक्कम लागत नाही. पण गाडी कंपनीच्या नावावर असेल, तर दिव्यांगजन अशी नोंद होत नाही आणि त्यावर आधारित सवलतीही मिळत नाहीत. हाताने ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर चालवण्याची सोय बसवायची, तर गाडीच्या मालकाची संमती आणि आरटीओची परवानगी लागते. त्यामुळे करार करताना पहिला प्रश्न एकच विचारावा : आरसी कोणाच्या नावावर असणार?

मग कडेगावच्या घरासाठी सोयीचे काय?

गरज किती वेळा लागते, ते आधी मोजावे. समजा, महिन्यातून दोनदा सांगलीला जायचे आहे आणि ठरवलेल्या गाडीचे एका फेरीचे भाडे २,००० रुपये आहे. वर्षाचा खर्च ४८ हजार, म्हणजे कर्जाच्या वार्षिक हप्त्यांच्या निम्म्याहून कमी. यात कोणताही लाभ बंद होत नाही. ज्यांना एसटीत चढता येते, त्यांना ४० टक्क्यांपुढील दिव्यांगत्वासाठी साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहेच.

रोज गावात, शेतावर किंवा दुकानावर जायचे असेल, तर बाजूला चाके लावलेली स्कूटर हा मधला मार्ग आहे. त्यासाठी रूपांतरित वाहनाचा परवाना लागतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून मदत मिळेल का, हे ग्रामपंचायतीकडे लेखी विचारता येते.

चारचाकी विकत घेणे परवडते ते नियमित कमाई असलेल्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या आणि वारंवार लांब जाणाऱ्या दिव्यांगांना. त्यांनी क्रम चुकवू नये : आधी यूडीआयडी कार्ड, मग वाहन चालवण्याचा परवाना, मग गाडीतील बदलांबाबत आरटीओशी बोलणे आणि शेवटी बुकिंग. नोंदणीच्या वेळी मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ लिहिले आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे. शोरूमने सवयीने ‘वैयक्तिक’ लिहिले, तर पुढे करमाफी आणि टोलमाफीसाठी नोंद बदलून घेण्याचे हेलपाटे पडतात.