मोठ्या गाड्यांची गॅस-बचत आणि काही फसलेली मॉडेल्स



गॅसचा भाव गॅलनमागे अर्धा डॉलर चढला, की आपल्या गप्पांमधे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ही व्हॅन काढून टाकावी आणि प्रियस घ्यावी!" पण व्हॅन काही निघत नाही. दोन मुलं, त्यांचं सॉकरचं सामान, कारपूलमधली शेजारची आणखी दोन मुलं, आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा, एवढी मंडळी प्रियसमधे मावत नाहीत. म्हणजे पुष्कळ घरांमधे मोठी गाडी ही चैन नसून गरज आहे. मग मोठ्या गाडीतच गॅस कसा वाचवायचा? अमेरिकेतल्या कंपन्यांनी गेली पन्नासएक वर्षं या प्रश्नावर डोकं लढवलं आहे आणि त्यातले बरेच प्रयत्न सपशेल आपटले. ते का आपटले हे कळलं, तर पुढची गाडी घेताना त्याचा उपयोग होतो.

आधी थोडं गणित. घाबरू नका, सातवीतलंच आहे.

समजा एका घरी मोठी एसयूव्ही आहे, गॅलनला १४ मैल देणारी. ती बदलून त्यांनी २१ मैल देणारी घेतली. दुसऱ्या घरी ३३ मैल देणारी छोटी गाडी होती, त्यांनी ५० मैलांची हायब्रिड घेतली. जास्त गॅस कोणी वाचवला? आपण पटकन म्हणतो, दुसऱ्यांनी. १७ मैलांचा फरक कुठे आणि ७ चा कुठे! आता वर्षाचे १०,००० मैल धरा. पहिल्या घराचा गॅस ७१४ गॅलनवरून ४७६ वर आला, म्हणजे २३८ गॅलन वाचले. दुसऱ्या घराचा ३०३ वरून २०० वर, म्हणजे १०३ गॅलन. मोठ्या गाडीवाल्यांनी दुपटीहून जास्त बचत केली!

ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन प्राध्यापकांनी २००८ साली 'सायन्स' साप्ताहिकात नेमकं हेच दाखवून दिलं. गॅलनला किती मैल, हे मोजमाप आपल्याला चकवतं. खरा प्रश्न उलटा विचारायला हवा, शंभर मैलांना किती गॅलन? २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाडीच्या खिडकीवरच्या स्टिकरवर हा आकडाही छापलेला असतो. बारीक अक्षरात असतो, पण असतो. गाडी बघायला जाल तेव्हा तो शोधाच. (भारतात आपण "लिटरला किती देते?" असं विचारतो, तिथेही हाच चकवा आहे.)

तेव्हा मोठ्या गाड्यांचं मायलेज थोडं सुधारणं हे छोट्या गाड्यांचं खूप सुधारण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. कंपन्यांनाही हे कळत होतं. मग घोडं अडलं कुठे?

पहिला मोठा प्रयोग डिझेलचा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ साली अमेरिकेत मायलेजचा कायदा झाला. १९८५ पर्यंत कंपनीच्या सगळ्या कार्सची सरासरी २७.५ मैलांवर न्यायची होती. जनरल मोटर्सकडे तर बोटीएवढ्या लांब गाड्या! त्यांनी १९७८ च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिलमधे ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल इंजिन आणलं. गाडीचा थाट तोच, मायलेज मात्र बरंच चांगलं. कल्पना उत्तम होती. घोळ झाला बोल्टमधे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात, की ती तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेट घेतं. साध्या गॅस इंजिनात त्या काळी हवा साधारण आठपट दाबली जायची, या डिझेलमधे साडेबावीसपट. साहजिकच इंजिनाचं डोकं धडाला घट्ट धरून ठेवणारे बोल्ट जास्त किंवा जास्त दणकट हवेत. पण कारखान्यातली यंत्रं बदलावी लागू नयेत म्हणून बोल्टची संख्या आणि जागा गॅस इंजिनाचीच ठेवली. व्हायचं तेच झालं. बोल्ट ताणले जायचे, काही तुटायचे, हेड गॅस्केट फुटायचं आणि रेडिएटरचं पाणी सिलिंडरमधे शिरायचं. पाणी तर दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिनच मोडायचं. त्यात भर म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटर बसवलेला नव्हता. त्या काळी पंपावरच्या डिझेलमधे पाणी असणं नवलाचं नव्हतं, त्यामुळे इंजेक्शन पंप गंजायचे. काही डॉलर वाचवायला गेले आणि १९८५ नंतर ते इंजिनच बंद झालं. पुढे कित्येक वर्षं अमेरिकन गिऱ्हाईक डिझेल कारचं नाव काढलं की दचकायचं. या इंजिनात नंतर सुधारणा झाल्या होत्या, पण गेलेली अब्रू परत आली नाही.

दुसरा प्रयोग माझ्या मते सगळ्यांत हुशार होता, फक्त पंचवीस वर्षं आधी आला. १९८१ ची कॅडिलॅक, तिचं इंजिन व्ही-८-६-४. मोठं इंजिन जास्त गॅस का पितं, याचं एक कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. हायवेवर एका वेगाने जाताना गाडीला खरं तर थोडीच ताकद लागते. म्हणून हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. आठही सिलिंडर त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढत असतात. नाक दाबून पळायला सांगितल्यासारखा हा प्रकार, आणि बराच दम त्यातच जातो. त्यापेक्षा चार सिलिंडरना सुट्टी दिली, तर उरलेल्या चारांना झडप जास्त उघडून मोकळा श्वास घेता येतो. कॅडिलॅकने तेच केलं. गरज नसेल तेव्हा दोन किंवा चार सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटवून ठेवायचे आणि गाडी सहा किंवा चारावर चालवायची.

यंत्र बरं होतं, पण कधी किती सिलिंडर चालू ठेवायचे हे ठरवणारा कॉम्प्युटर १९८१ चा होता! त्याचा निर्णय होईपर्यंत ड्रायव्हरचा पाय हललेला असायचा. गाडी गचके द्यायची. कॅडिलॅकसाठी एवढे पैसे मोजलेल्या माणसाला गचके कसे चालतील? पुष्कळांनी मेकॅनिककडून ती वायरच काढून टाकली आणि आठांवर मजेत फिरले. साध्या गाड्यांमधून हे इंजिन एका वर्षातच गेलं.

पण कल्पना मेली नाही. २००५ च्या होंडा ओडिसीच्या वरच्या मॉडेल्समधे ती परत आली. हायवेवर सहातले तीन सिलिंडर बंद व्हायचे आणि समोर हिरवा 'इको' दिवा लागायचा. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती व्हॅन वापरली आहे. तीन सिलिंडरवर इंजिन थरथरतं, म्हणून त्याला थरथर शोषणारे खास माउंट लावले होते, आणि स्पीकरमधून उलटा आवाज सोडून घरघर दाबली जायची. क्रायस्लर आणि जनरल मोटर्सनीही त्याच सुमारास आपल्या व्ही-८ मधे हीच युक्ती आणली.

आता तिसरा प्रयोग, मोठ्या एसयूव्हीची हायब्रिड. जनरल मोटर्स, डेमलर-क्रायस्लर आणि बीएमडब्ल्यू यांनी मिळून 'टू-मोड' नावाचं तंत्र बनवलं. ट्रान्समिशनच्या पेटीतच दोन इलेक्ट्रिक मोटर. २००८ ची शेव्ही टाहो हायब्रिड त्यावर चालायची. साध्या टाहोला सरकारी आकड्यांप्रमाणे शहरात १४ आणि हायवेवर २० मैल, हायब्रिडला २१ आणि २२. शहरात तब्बल निम्म्याने वाढ, तेही सहा लिटरचं व्ही-८ ठेवून! ग्रीन कार ऑफ द इयरचा मानही तिला मिळाला. वरच्या गणितातलं १४ ते २१ चं उदाहरण मी हिच्यावरूनच घेतलं.

आणि तरीही खपली नाही. किंमत ५०,००० डॉलरच्या आसपास, साध्या टाहोपेक्षा कित्येक हजारांनी जास्त. जुलै २००८ मधे देशाचा सरासरी भाव ४ डॉलर १० सेंटच्या वर गेला होता. त्या भावाने शहरात १०,००० मैल फिरणाऱ्याचे वर्षाला साधारण ९७५ डॉलर वाचले असते. डिसेंबरमधे भाव १ डॉलर ७० सेंटच्या खाली घसरला, बचत आली ४०० डॉलरवर. वर मंदी. ज्यांना एवढी मोठी गाडी हवी होती त्यांना गॅसची फिकीर नव्हती, आणि ज्यांना फिकीर होती त्यांना एवढी गाडी नको होती. क्रायस्लरची गत तर आणखी वाईट. त्यांच्या अ‍ॅस्पेन आणि डुरँगो हायब्रिड बाजारात येतात न येतात, तोच डिसेंबर २००८ मधे त्या बनवणारा डेलावेअरमधला कारखानाच बंद झाला. टाहो हायब्रिड २०१३ पर्यंत रेटली आणि संपली.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे. हायवेवर २० चे २२, म्हणजे १०,००० मैलांना फक्त ४५ गॅलनची बचत. हायब्रिडचा खरा फायदा थांबत-थांबत जाण्यात आहे, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येते. तुमचा रोजचा रस्ता मोकळ्या फ्रीवेचा असेल, तर शहराचे आकडे बघून भुलू नका.

होंडाने २००५ साली अ‍ॅकॉर्डची व्ही-६ हायब्रिड काढली होती, तीही २००७ नंतर गुंडाळावी लागली. तिथे विजेची मदत जास्त ताकदीसाठी खर्ची घातली होती. ना धड बचत, ना धड स्पोर्ट्स कार.

मग जमलं कोणाला? टोयोटाने जपानमधे २००१ सालीच एस्टिमा नावाची हायब्रिड व्हॅन काढली होती. टोयोटाच्या हायब्रिड व्हॅनसाठी अमेरिकेला मात्र २०२१ च्या सिएनापर्यंत वीस वर्षं थांबावं लागलं! या सिएनात व्ही-६ काढून अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घातलं आणि साधी गॅसची सिएना बंदच केली. त्यामुळे 'हायब्रिडचे जादा पैसे' हा प्रश्नच उरला नाही. मायलेज २२ वरून ३६ वर गेलं. १०,००० मैलांना १७५ हून जास्त गॅलन वाचतात, आणि ३ डॉलरचा भाव धरला तरी हे वर्षाला पाचशे डॉलरच्या पुढे जातं. दोन उणिवा मात्र आधी माहीत असू द्या. फ्रीवेवर शिरताना किंवा चढावर इंजिन बरंच ओरडतं, आणि मधल्या रांगेच्या सीट्स काढता येत नाहीत. अपार्टमेंट बदलताना व्हॅनमधून सोफा नेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी जपून!

क्रायस्लरची प्लग-इन पॅसिफिका घरी चार्ज करून ३० मैलांच्या वर विजेवर जाते. शाळा, ग्रोसरी, ऑफिस जवळ असेल तर गॅस क्वचितच लागतो. पण वापरलेली घेत असाल तर २०१७ आणि २०१८ च्या गाड्यांचं आगीच्या धोक्यावरून २०२२ मधे रिकॉल झालं होतं, तेव्हा ते काम झालं आहे का हे गाडीच्या व्हिन नंबरवरून तपासा. आणि फेडरल टॅक्स क्रेडिट ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना मिळत नाही, तेव्हा जुन्या जाहिराती वाचून हिशेब मांडू नका.

हिशेब सोपा आहे. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक घ्या, त्याला वर्षाला वाचणाऱ्या डॉलरनी भागा. उत्तर सहा-सात वर्षांच्या आत आलं तर जरूर घ्या. पंधरा आलं, तर आहे तीच व्हॅन चालवा.

आणि आहे तीच चालवायची तर सगळ्यांत आधी छतावरची पेटी काढा. उन्हाळ्यात अधिवेशनाला किंवा यलोस्टोनला जाताना लावलेली ती पेटी पुष्कळांच्या गाडीवर दिवाळीपर्यंत तशीच असते. सरकारी चाचण्यांप्रमाणे फ्रीवेच्या वेगात मोठ्या पेटीमुळे मायलेज १० ते २५ टक्के घटतं. तेच सामान मागे हिचवर लावलं तर हायवेवर १ ते ५ टक्केच. शाळेबाहेरच्या रांगेत इंजिन चालू ठेवणं हा दुसरा गळका नळ. तासाला पाव ते अर्धा गॅलन जातो आणि मोठं इंजिन अर्ध्याच्याच जवळ असतं. रोज वीस मिनिटं, शाळेचे १८० दिवस, म्हणजे ६० तास. तीस गॅलन तिथेच उभ्याउभ्या संपले!

टायरमधली हवा तपासा, पण त्यातून फार बचत होईल अशी आशा धरू नका. दाब १ पीएसआयने उतरला तर मायलेज जेमतेम ०.२ टक्के घटतं. ते टायर टिकण्यासाठी आणि सुरक्षेसाठी करायचं. थंडीत दर १० डिग्री फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय उतरतो, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुमारास एकदा बघाच. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायरवर छापलेला असतो तो कमाल दाब, तेवढी हवा भरायची नसते.

ज्या गाडीला रेग्युलर चालतो तिला प्रीमियम गॅस पाजून काही वाढत नाही. इंधनाच्या नळीला लावायची लोहचुंबकं आणि हवा 'घुसळणारी' चकती यांवर खर्च केलेले पैसेही पाण्यात जातात.