आरोग्याची खतावणी कोणाच्या हाती?

व्यापाऱ्याच्या घरात कीर्द आणि खतावणी यांतील भेद मुलांना फार लवकर कळतो. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरतात; पुढे प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडली की खतावणी तयार होते. कीर्द कितीही नेटकी असली, तरी केवळ तिच्यावरून अमुक आसामीकडे आपले येणे किती, हे चटकन सांगता येत नाही. आपल्या आरोग्याच्या नोंदींची अवस्था आज नेमकी अशीच आहे. कीर्दी पुष्कळ आहेत, त्याही निरनिराळ्या पेढ्यांवर विखुरलेल्या. खतावणी मात्र कोणीच लिहिलेली नाही.

कल्याणमधील एखाद्या कापड व्यापाऱ्याच्या घरातील ज्येष्ठांचे उदाहरण घेऊ. मधुमेहाचे औषध गल्लीतल्या डॉक्टरांचे, हृदयाची तपासणी ठाण्यात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोंबिवलीत, आणि दुखणे बळावले की मुंबई. प्रत्येक ठिकाणी निराळी फाईल, निराळा क्रमांक. मध्यरात्री छातीत कळ आली, तर समोरचा डॉक्टर तीनच प्रश्न विचारतो: कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे? उत्तर येते, ‘सकाळची एक पांढरी गोळी आणि रात्रीची एक लहान गुलाबी.’ कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून पुढील उपचारांसाठी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाची मदारही बहुधा नातेवाईकाच्या हातातील कागदांवरच असते. कागद घरी राहिला, की पूर्वेतिहासही घरीच राहतो.

चौदा अंकी खाते

कागद रुग्णाचा की रुग्णालयाचा, हा वाद जुना आहे. आपल्या आजाराच्या नोंदी मिळण्याचा रुग्णाचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनी त्याला मुदत घालून दिली. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास 72 तासांच्या आत द्याव्यात, असा तो नियम आहे. नोंदी संगणकावर ठेवण्याचा प्रयत्न करावा, असेही त्याच विनियमांत म्हटले आहे. रुग्णाला घरी सोडताना ‘फाईल मिळणार नाही’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेणाऱ्या कुटुंबांनी ही तरतूद ध्यानात ठेवावी.

केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके प्रथम 2013 मध्ये प्रसिद्ध केली आणि 2016 मध्ये ती सुधारली. 15 ऑगस्ट 2020 रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांतील प्रयोगानंतर 27 सप्टेंबर 2021 रोजी तेच ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर सुरू झाले. त्यातून मिळणारा 14 अंकी ‘आभा’ क्रमांक म्हणजे आपल्या खतावणीतील खातेपान होय. तो ऐच्छिक आहे, आणि आधारच्या साहाय्याने मोबाईलवरून घरबसल्या काढता येतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा, की आभा म्हणजे विमा. तसे नाही. 70 वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारे ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड 29 ऑक्टोबर 2024 पासून मिळू लागले, ते निराळे. आभा हा केवळ नोंदींचा क्रमांक आहे. दुसरा गैरसमज असा, की आपले सारे अहवाल दिल्लीतील एका संगणकात जाऊन पडतात. या रचनेत नोंद जेथे निर्माण झाली तेथेच राहते. रुग्णाने संमती दिल्यावर ती दुसऱ्या डॉक्टरांना दिसते. कोणती नोंद, कोणास आणि किती काळ पाहू द्यावी, हे रुग्णाने ठरवायचे असते, आणि दिलेली संमती मागेही घेता येते.

बँकेशी साम्य आणि भेद

बँकेच्या सेवेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे सारे ओळखीचे वाटते. कोअर बँकिंग येण्यापूर्वी ग्राहक शाखेचा असे. कल्याणच्या शाखेत खाते असेल, तर ठाण्याच्या शाखेत तो परकाच. पुढे तो बँकेचा ग्राहक झाला, आणि कोणत्याही खिडकीवर त्याचे खाते उघडू लागले. हेच परिवर्तन आता रुग्णालयांच्या दारात उभे आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी होते आणि केसपेपरची रांग टळते. एक्स-रेच्या फिल्मची जागा संगणकावरील प्रतिमेने घेतली आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर विमा कंपनीने 1 तासात आणि घरी सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीवर 3 तासांत निर्णय द्यायचा असतो. अशी मुदत कागदी फायलींच्या काळात कल्पनेतही आली नसती.

परंतु साम्य येथेच संपते. बँकेतील चुकीची नोंद उलट नोंद करून दुरुस्त होते, आणि दिवसअखेर तेरीज जुळते की नाही यावरून चूक उघडकीस येते. आरोग्याच्या नोंदींना तेरीज नाही. रक्तगट चुकीचा टंकला गेला किंवा एकाचा अहवाल नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच्या खात्यावर गेला, तर ती चूक निमूटपणे एका रुग्णालयातून दुसऱ्यात प्रवास करते. आपल्या समाजात आजोबांचे आणि नातवाच्या मित्राचे नाव एकच असणे नवलाचे नाही. म्हणून प्रत्येक अहवालावरील नाव, वय आणि तारीख तपासणे हे पासबुक तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. कार्ड हरवले तर ते बंद करता येते, पासवर्ड बदलता येतो. आजार बदलता येत नाही. बाहेर फुटलेली माहिती परत येत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकप्रणालीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील अग्रगण्य रुग्णालयाला अनेक दिवस हातानेच काम करावे लागले. 2023 मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर जबाबदारी टाकतो. मात्र आपल्या घरातील गळतीला कायद्याचे कुलूप लागत नाही. प्रयोगशाळेने पाठवलेली पीडीएफ आपणच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. तेथून ती मामांकडे, मामांकडून त्यांच्या व्याह्यांकडे जाते. मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असताना थायरॉइडचा अहवाल असा फिरू लागला, तर त्याचे परिणाम कोणास भोगावे लागतात हे सांगण्याची गरज नाही. दोन्ही पक्षांनी परस्परांशी सत्य बोलावे हे योग्यच. पण ते कोणी, कोणास आणि केव्हा सांगावे हा अधिकार जिच्या शरीराची ती नोंद आहे तिचाच असला पाहिजे.

तप, विहार आणि नोंद

आपल्या समाजाच्या दृष्टीने दोन प्रश्न विशेष विचारार्ह आहेत. पर्युषणातील अठ्ठाई, वर्षीतप, आयंबिलची ओळी, नित्याचा चौविहार या साऱ्यांचा औषधांच्या वेळांशी थेट संबंध येतो. मधुमेहाच्या काही औषधांनी उपवासात रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. रुग्णालयाच्या छापील नमुन्यात ‘शाकाहारी’ असा रकाना असतो. ‘सूर्यास्तानंतर पाणीही नाही’ असा नसतो. पुष्कळशा कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते, हेही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीत असा शेरा एकदा डॉक्टरांकडून लिहवून घेतला, तर तो पुढच्या प्रत्येक डॉक्टरांसमोर येऊ शकतो. तपाचा निर्धार आणि औषधाचा बदल या दोन्ही गोष्टी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांच्या कानी घालणे यात श्रद्धेला कसलाही उणेपणा नाही.

दुसरा प्रश्न पूज्य साधू-साध्वींचा. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतो. आज ठाण्याच्या टेंभी नाक्यावर असलेले महाराजसाहेब काही दिवसांनी भिवंडी ओलांडून नाशिकच्या वाटेवर असतात. प्रत्येक मुक्कामी गाव नवे, डॉक्टर नवे. दिगंबर मुनींचा आहार दिवसातून एकदाच, त्यामुळे औषधाची वेळही तीच. आपल्या उपचारांचा इतिहास सोबत राहण्याची गरज त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला असेल. पण आभाची सारी रचना रुग्णाजवळ स्वतःचा मोबाईल आहे हे गृहीत धरते. अपरिग्रहाचे महाव्रत पाळणाऱ्यांच्या बाबतीत ओटीपी श्रावकाच्या मोबाईलवर येणार, म्हणजेच संमतीचे बटण दुसराच कोणी दाबणार. तेव्हा तांत्रिक सोयीच्या भरात ही संमती गृहीत धरली जाऊ नये. गुरुआज्ञा आणि स्वतः महाराजसाहेबांची अनुमती घेऊन चातुर्मासाच्या अखेरीस डॉक्टरांकडून एकपानी सारांश करून घ्यावा आणि तो एका संघाच्या वैयावच्च समितीने पुढील संघाच्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे सोपवावा. ही व्यवस्था आजही शक्य आहे; तिला ना यंत्र लागते, ना खर्च. पुढेमागे ती इलेक्ट्रॉनिक झाली, तरी मर्यादा हीच राहावी.

घराघरांतून आरंभ

लहान खासगी दवाखान्यांनी या जाळ्यात सामील होणे अद्याप ऐच्छिक आहे; आपले बहुतेक उपचार तर तेथेच होतात. म्हणून सरकारी खतावणी पूर्ण होण्याची वाट न पाहता प्रत्येक कुटुंबाने आपली खतावणी मांडावी. प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान: चालू औषधांची नावे व मात्रा, ॲलर्जी, शस्त्रक्रिया व त्यांची वर्षे, रक्तगट, डॉक्टरांचा दूरध्वनी. त्याची एक प्रत मोबाईलमध्ये, एक कपाटात. ज्येष्ठांचा आभा क्रमांक काढताना मोबाईल त्यांचाच नोंदवावा, आणि संमती मागणारा प्रत्येक संदेश त्यांना वाचून दाखवावा. ‘बाबांना काय कळते’ म्हणून मुलाने परस्पर होकार देऊ नये. बँकेत वडिलांच्या धनादेशावर आपण सही करत नाही.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो आणि ज्ञानपंचमीला ग्रंथांची पूजा मांडतो. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते टिकली, ती सांभाळणाऱ्यांनी ती जपण्याचे आणि योग्य हातीच देण्याचे पथ्य पाळले म्हणून. यंदाच्या वहीपूजनाच्या दिवशी नव्या चोपडीशेजारी घरातील प्रत्येकाच्या आरोग्याचे ते एक पान लिहून ठेवले, तर आणीबाणीच्या रात्री त्याचे मोल कळेल.