दोन ईद आणि एक द्राक्षबाग

तासगावात अम्मी सहेरीसाठी उठते तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. त्याच वेळी इटलीतल्या पादोवा शहरात रात्रीचे बारा होत असतात. मागच्या वर्षीच्या, म्हणजे 2025 च्या रमजानमध्ये या वेळेला दोन्हीकडचे दिवे रोज जळत असत. इकडे तव्यावर भाकरी पडायची आणि तिकडे लेक लॅपटॉपसमोर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण घेऊन बसलेली असायची. अम्मी फोनवर विचारायची, "अजून झोपली नाहीस?" आणि उत्तर यायचं, "आता सहेरी करूनच झोपते."

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची ही मुलगी. कृषी पदवी घेऊन दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ती पादोवा विद्यापीठात गेली. तो रमजान तिचा तिथला शेवटचा. मार्चच्या सत्रात प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली तर पदवी हातात, नाहीतर पुढच्या वर्षाची फी पुन्हा भरा. ही फी कुठून येणार, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. दोन हंगाम अवकाळी पावसानं आणि केवड्यानं खाल्ले होते. अब्बांनी बाग काढून टाकायचं मनात घेतलं होतं. एप्रिलच्या खरड छाटणीआधी काय तो निर्णय घ्यायचा होता.

एक रोग, दोन देश

मुलगी इटलीत काय शिकते, हे नातेवाइकांना समजावताना अम्मीची नेहमी पंचाईत व्हायची. द्राक्षांचं शिक्षण म्हटलं की कुणीतरी हळूच विचारायचं, "म्हणजे दारूचं?" एका लग्नात तर सरळच ऐकवलं गेलं की पोरीला वाइन शिकायला पाठवलं. अब्बांनी त्यावर एवढंच म्हटलं होतं, "केवडा पडताना बघत नाही, द्राक्षाचा बेदाणा होणार की वाइन."

आणि ते खरंच आहे. केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, हा रोग मूळचा अमेरिकेतला. 1878 च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोचला आणि पाहता पाहता युरोपभर पसरला. त्यावर उपाय म्हणून 1885 मध्ये मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण पुढे आलं. आपल्याकडे प्रत्येक बागायतदाराच्या तोंडी असलेलं बोर्डो मिश्रण ते हेच. त्याला नाव मिळालं ते फ्रान्समधल्या बोर्डो या द्राक्षाच्या मुलखावरून. पण तांबं जमिनीत साठत जातं. म्हणून युरोपीय संघानं सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. फवारणी कमी करायची तर मुळातच रोगाला दाद न देणारे वाण हवेत.

या मुलीचा प्रबंध त्यावरच होता. हरितगृहातल्या वेलींच्या पानांतून नाण्याएवढ्या चकत्या कापायच्या, त्या काचेच्या बशीत ओल्या कागदावर पालथ्या मांडायच्या, त्यांवर केवड्याचे बीजाणू सोडायचे आणि पांढरी बुरशी कोणत्या वाणावर किती उमटते ते रोज मोजायचं. रोजा ठेवून दिवसभर हे मोजमाप चालायचं. डोळे दुखायचे, पण त्या पानांत तिला घरची बाग दिसायची. अब्बांच्या बागेत आहे तास-ए-गणेश, म्हणजे थॉमसनमधून तासगाव परिसरातच निवडून काढलेला वाण. केवड्यापुढे तो फार टिकत नाही.

जुनं विद्यापीठ, जुना शेजार

पादोवा विद्यापीठ 1222 सालचं. गॅलिलिओनं इथे अठरा वर्षं शिकवलं. रक्ताभिसरण उलगडून दाखवणारा विल्यम हार्वे इथलाच विद्यार्थी. 1678 मध्ये एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीला इथेच डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांत तिचं नाव घेतात. विद्यापीठाच्या जुन्या वाड्यात, पालात्सो बो इथे, जिन्याशी तिचा पुतळा आहे. आणि याच विद्यापीठात इब्न सिना या मुस्लिम हकिमाचा 'अल-कानून' हा वैद्यकग्रंथ लॅटिनमधून शतकानुशतकं शिकवला गेला. आपण परक्या घरात आलेलो नाही, असं या मुलीला वाटलं ते हे कळल्यावर.

शब्दांचाही शेजार जुना आहे. अरबीत बेदाण्याला 'ज़बीब' म्हणतात. सिसिलीच्या बाजूला पांतेल्लेरिया नावाचं बेट आहे. तिथल्या द्राक्षाच्या एका वाणाला आजही 'झिबिब्बो' म्हणतात, तो याच शब्दावरून.

ती राहायची एका वयस्कर विधवा बाईंकडे भाड्यानं. सगळे त्यांना सिन्योरा म्हणत. त्या वर्षी इटलीत पहिला रोजा 1 मार्चला, शनिवारी झाला. आपल्याकडे 2 मार्चला. आणि 5 मार्चला ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होणार होता. त्याआधीचे दिवस कार्निव्हलचे, खाण्यापिण्याचे. त्या भागात तेव्हा घरोघरी 'फ्रित्तेल्ले' तळतात. आपले गुलगुलेच जणू, फक्त आत बेदाणे घालतात आणि ते बेदाणे बहुधा ग्राप्पा नावाच्या दारूत भिजवलेले असतात. पहिल्या वर्षी मुलीनं बशी हात जोडून परत केली होती आणि सिन्योरा खट्टू झाल्या होत्या. या वेळी मंगळवारी इफ्तारच्या वेळेला त्यांनी दार वाजवलं. बेदाणे संत्र्याच्या रसात भिजवले होते, आणि ते होते मुलीनं घरून आणलेले, तासगावचे. खजूर आणि पाण्यानंतर तिनं पहिला घास घेतला तो त्या गुलगुल्याचा. दुसऱ्या दिवसापासून सिन्योरांचाही उपवासकाळ सुरू झाला. शुक्रवारी त्या मांसाहार करत नसत. "आता आपण दोघी सारख्या," असं म्हणून त्या हसायच्या.

मशीद म्हणाल तर मिनार-घुमट असलेली नव्हे. इटलीच्या सरकारचा इस्लामशी अजून अधिकृत करार झालेला नाही, त्यामुळे बहुतेक नमाजाच्या जागा सांस्कृतिक संस्था म्हणून चालतात. कुठे जुनी गोदामं, कुठे दुकानाचे गाळे. खजूर, हरभरे, मुरमुरे मिळायचे बांगलादेशी दुकानात. इफ्तारची वेळ साधारण सहा ते साडेसहाची. पादोवाच्या चौकांत नेमकी तीच वेळ केशरी पेयांचे ग्लास घेऊन गप्पा मारण्याची. त्या गर्दीतून पाण्याची बाटली आणि तीन खजूर घेऊन ती घरी निघायची.

सूर्यास्तापर्यंत थांबलेले मित्र

तोंडी परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी झाली. पंधरा मिनिटं मांडणी, मग प्रश्न. एका परीक्षकांनी विचारलं, "हे वाण तुमच्या हवेत टिकतील?" तिनं सांगितलं, "माहीत नाही. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या होतात, वेलीला हिवाळ्याची झोप नसते. तिथे लावूनच बघावं लागेल." उत्तर प्रामाणिक होतं. 110 पैकी 108 गुण मिळाले.

तिथे पदवी मिळाली की डोक्यावर तमालपत्राच्या जातीच्या हिरव्या पानांचा मुकुट चढवतात. पादोवात आणखी एक प्रथा आहे. विद्यार्थ्याची थट्टा करणारं भलंमोठं भित्तिपत्र मित्र लिहितात, ते भर रस्त्यात मोठ्यानं वाचायचं आणि चुकलं की दारू प्यायची. मित्रांनी तिचं भित्तिपत्र लिहिलं, पण चिकटवलं नाही. वाड्याच्या चौकात सगळे सूर्यास्ताची वाट बघत बसले. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी तिला विचारत होतं, "आता किती मिनिटं?" वेळ झाली, तिनं रोजा सोडला आणि मगच बाटल्या उघडल्या. तिच्यासाठी द्राक्षाचा रस होता. चुकली की तोच प्यायची. ती मुद्दाम चुकत होती, असं मित्रांचं म्हणणं.

त्या रात्री मार्गदर्शक प्राध्यापिकेचा निरोप आला: पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला बस, ऑक्टोबरपासून सुरुवात होईल. आनंदाची गोष्ट, पण तिनं घरी दोन दिवस सांगितली नाही. तीन वर्षं आणखी बाहेर राहायचं आणि तिकडे बाग जाणार, हे दोन्ही एका दमात बोलायचं कसं?

शेवटच्या आठवड्यात ती कोनेल्यानोच्या टेकड्यांवर गेली. इटलीतलं द्राक्षशास्त्राचं पहिलं विद्यालय 1876 मध्ये तिथेच निघालं. छाटणी झालेली होती. जमीन तापू लागली की मुळं रस वर ढकलतात आणि कापलेल्या टोकांतून तो थेंब थेंब गळतो. इटालियन लोक त्याला वेलीचं रडणं म्हणतात. तिनं त्याची चित्रफीत अब्बांना पाठवली आणि त्याच फोनवर सगळं सांगून टाकलं. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रडतीय म्हणजे मुळं जित्ती हायेत. तू ये, मग बघू."

चांद इकडचा, चांद तिकडचा

29 मार्चला संध्याकाळी इटलीत ईद जाहीर झाली. त्याच रात्री तिथली घड्याळं उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे सरकली. दोनचे एकदम तीन वाजले आणि ईदच्या सकाळची झोप तासाभरानं कमी झाली. 30 मार्चला, रविवारी, थंडीत मैदानावर नमाज झाली. मोरोक्को, सेनेगल, बांगलादेश, अल्बेनिया, सगळे एका सफीत. घरी येऊन तिनं उरलेले बेदाणे घालून शिरखुर्मा केला, पहिली वाटी सिन्योरांना दिली आणि दुपारी व्हेनिसच्या विमानतळावर गेली.

आपल्याकडे त्या संध्याकाळी चांद दिसला. ईद सोमवारी, 31 मार्चला. ती पहाटे मुंबईत उतरली आणि दुपारी घरी पोचली तेव्हा नमाज होऊन गेली होती, शेजारपाजारच्या घरांत शिरखुर्मा पोचला होता आणि बरेच शेजारी तिला भेटायला घरातच बसलेले होते. एका वर्षात, एकाच महिन्याच्या शेवटी, तिला दोन ईद मिळाल्या.

ईदच्या नमाजाआधी गरिबांना फित्रा द्यावा लागतो. तो गहू, जव, खजूर किंवा बेदाण्याच्या हिशेबानं देतात. अब्बा दरवर्षी बेदाण्यांनी देतात, शेडमधून तोलून. त्या दिवशीही दिला होता. संध्याकाळी बाप-लेक बागेत गेले. दोन एकर काढायचं ठरलं, एक एकर राहणार. तिथे छाटणी होईल, फवारणीची वही ती स्वतः लिहील आणि सप्टेंबरपर्यंत घरीच राहील. प्रवेश परीक्षेचा अर्जही भरायचा, हे अब्बांनीच सांगितलं.

अम्मीनं मात्र एकच अट घातली. पुढचा रमजान कुठेही असो, रात्री बाराला फोन उचलायचा.