पाठीत सळई, तरीही मैदानात!

गोल्फच्या प्रत्येक फटक्यात पाठीच्या कण्याला पीळ बसतो. कण्यात धातूची सळई आणि ५ स्क्रू असलेली खेळाडू या खेळात जगात अव्वल ठरेल, यावर सहजी विश्वास बसत नाही. अमेरिकेच्या स्टेसी लुईसने मार्च २०१३मध्ये ही किमया साधली. वयाच्या ११व्या वर्षी तिला स्कोलिओसिस असल्याचे निदान झाले. साडेसात वर्षे, दिवसाचे १८ तास तिने ब्रेस, म्हणजे पाठीचा कडक पट्टा वापरला. तरीही २००३मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

स्कोलिओसिस म्हणजे कण्याला एका बाजूला आलेला बाक. एक्स-रेमध्ये तो १० अंश वा अधिक भरल्यास हे निदान होते. मणके बाजूला झुकतात तसेच पिळलेही जातात. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसतात. दर १०० जणांत २ ते ३ जणांना हा विकार असतो. बहुतेकांच्या बाबतीत त्याचे नेमके कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा पोक काढून बसल्याने तो होतो, हा गैरसमज आहे.

वेळेचे महत्त्व

उंची झपाट्याने वाढते त्या वयात बाक बळावतो. मोठा बाक मुलींमध्ये अधिक आढळतो. २५ ते ४० अंशांपर्यंत आणि वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस उपयोगी पडतो. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला. केवळ देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. वाढ थांबल्यावर मात्र ही संधी निघून जाते.

शस्त्रक्रियेनंतर

बाक ४५ ते ५० अंशांपुढे गेल्यास सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. स्क्रू व सळया बसवून कणा शक्य तितका सरळ केला जातो आणि तेथील मणके एकमेकांशी जुळवले जातात. जंतुसंसर्ग, मज्जातंतूंना इजा असे धोके असतात. मात्र ते कमी आहेत. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत चालू लागतात आणि काही आठवड्यांत शाळेत जातात. हाडे जुळून येण्यास सहा महिने ते वर्ष लागते. जुळवलेला भाग पुन्हा वाकत नाही. वाकण्याचे काम कंबरेचे सांधे व उरलेले मणके करतात. पोहणे, धावणे, सायकल चालवणे डॉक्टरांच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने सुरू करता येते. पुढे मातृत्वातही सहसा अडथळा येत नाही.

व्रण झाकायचा कशाला?

मुलीच्या लग्नात अडचण येईल, या धास्तीने हा विकार अनेकदा ओढणीआड लपवला जातो. ब्रिटनच्या राजकन्या युजेनी यांच्यावर १२व्या वर्षी ही शस्त्रक्रिया झाली होती. ऑक्टोबर २०१८मध्ये स्वतःच्या विवाहात त्यांनी पाठीवरचा व्रण दिसेल असाच पोशाख निवडला. जनजागृतीसाठी २०१३पासून जूनचा शेवटचा शनिवार आंतरराष्ट्रीय स्कोलिओसिस जागृती दिन म्हणून पाळला जातो.

पालकांना घरीही प्राथमिक तपासणी करता येते. मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकण्यास सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास किंवा खांदे, कंबर खाली-वर वाटल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीला हा बाक सहसा दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.